फ्लोरेन्स नाइटिंगेलची नजर

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी पांढऱ्या गणवेशात रांगेने उभ्या राहतात, हातात पेटता दिवा घेतात आणि शपथ म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक नर्सिंग शाळांत हा सोहळा होतो. शपथेला नाव फ्लोरेन्स नाइटिंगेलचे असले तरी ती तिने लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका नर्सिंग शाळेने ती तयार केली. चित्रांत तिच्या हाती जो चोच असलेला, अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्यासारखा दिवा दिसतो, तोही चित्रकारांच्या कल्पनेतला. तुर्कस्तानात तिने वापरला तो घडी घालता येणारा, आत मेणबत्ती ठेवायचा साधा कंदील होता. अर्थात, दिवा कुठला होता याने फारसे बिघडत नाही. रात्री तो घेऊन ती काय करत होती, हे मात्र दिव्याच्या कौतुकात राहून जाते. ती रुग्णांकडे बघत होती. रुग्णाकडे बघणे हे एक काम आहे, ते शिकावे लागते आणि ते नीट झाले नाही तर वाचू शकणारा माणूस दगावतो, ही गोष्ट तिने जितक्या चिवटपणे मांडली तितकी तिच्याआधी क्वचितच कुणी मांडली असेल.

तिचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरातला. आईवडील लग्नानंतर युरोपच्या लांबलचक सफरीवर होते. मूल ज्या गावी जन्मले त्या गावाचे नाव त्याला, असा त्यांचा हौशी खाक्या. थोरली मुलगी नेपल्सला झाली म्हणून तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थिनोपी. घर गडगंज, इंग्लंडात डर्बीशायरला एक आणि हॅम्पशायरला एक असे दोन वाडे. वडिलांनी दोघी मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक आणि इतिहास शिकवला. फ्लोरेन्सला आकडे आणि तक्ते यांचा नाद लहानपणापासूनचा.

१८३७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची खात्री झाली. कोणती सेवा, हे उमगायला काही वर्षे गेली आणि उमगल्यावर घरात वादळ उठले. त्या काळच्या इंग्लंडात रुग्णालयातली नर्स म्हणजे अशिक्षित आणि बहुधा दारू पिणारी बाई असा समज होता. तो अगदीच निराधार होता असेही नाही. १८४५ मध्ये सॉल्सबरीच्या रुग्णालयात काही महिने शिकायला जाऊ द्या, असे तिने घरी विचारले. आई हादरली, बहिणीने आकांत मांडला. तो बेत बारगळला; पण घर जागे होण्याआधी पहाटे उठायचे आणि रुग्णालयांचे, सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचून टिपणे काढायची, असा क्रम तिने लावून घेतला. रिचर्ड मंक्टन मिल्न्स हा कवी आणि खासदार कित्येक वर्षे तिच्यासाठी थांबला होता आणि तोही तिला आवडत होता. त्यालाही तिने शेवटी नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सवर्थ इथे तीन महिन्यांचे शिक्षण आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची प्रमुख. तेव्हा ती ३३ वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धाने सगळे बदलले. रशियाविरुद्ध लढणारे इंग्रज सैनिक जहाजांतून काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथे आणले जात. एका अवाढव्य तुर्की बराकीचे तिथे रुग्णालय केलेले. ३८ नर्सेस घेऊन फ्लोरेन्स नोव्हेंबर १८५४ च्या सुरुवातीला तिथे पोहोचली. इमारतीखाली तुंबलेली गटारे, खाटांची टंचाई, उवा, कपडे धुण्याची सोय नाही, आणि जखमींपेक्षा हगवण, टायफस, कॉलरा, स्कर्व्ही यांचेच रुग्ण जास्त. तिने ब्रश, सदरे, टॉवेल विकत घेतले, धुलाईची सोय केली, रुग्णांसाठी वेगळे स्वयंपाकघर लावले. दिवसा पत्रव्यवहार आणि लष्करी कारकुनांशी भांडणे. रात्री तो कंदील घेऊन मैलोन्‌मैल लांब रांगांमधून फेरी.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुढची सहसा नसते. ती पोहोचल्यावरही मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांपैकी शेकडा ४२ दगावले. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारे उपसली, मेलेली जनावरे हलवली, पाण्याची व्यवस्था सुधारली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांतून हवा खेळू दिली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ वर आले. त्या हिवाळ्यात एकेका सैनिकाकडे कुणी मायेने बघितले नव्हते असे नाही. पण सगळ्यांची मिळून मोजणी कुणीच करत नव्हते. किती आले आणि किती गेले, याच्या वेगवेगळ्या दप्तरांतल्या नोंदी एकमेकींशी जुळतसुद्धा नव्हत्या.

१८५६ मध्ये ती मायदेशी परतली ती आजार घेऊनच. आदल्या वर्षी तिला तिथे जो ताप आला होता, तो ब्रुसेलोसिस असावा असे आजचे अनेक डॉक्टर मानतात. पुढची कित्येक वर्षे तिने अंथरुणावरून काम केले. विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाला हाताशी धरून तिने युद्धातल्या मृत्यूंचे आकडे तपासले. आघाडीवरच्या लहान दवाखान्यांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या रुग्णालयात जास्त माणसे मेली, हे सत्य आकड्यांनी तिच्यासमोर ठेवले. ते तिने दडपले नाही. रंगीत पाकळ्यांच्या तिच्या प्रसिद्ध आकृत्या याच मोजणीतून निघाल्या, आणि १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी सोसायटीने तिला सदस्य करून घेतले. त्या सोसायटीतली ती पहिली स्त्री.

मोजण्याचे महत्त्व इतके सोसून शिकलेल्या बाईने नंतर बघण्याविषयी जे लिहिले, ते मला तिच्या चरित्रातले सर्वांत मोलाचे वाटते. १८६० च्या सुरुवातीला तिचे शुश्रूषेवरचे छोटे पुस्तक बाजारात आले. ते परिचारिकांसाठी नव्हते, घरातल्या आजाऱ्याकडे बघणाऱ्या सामान्य बायकांसाठी होते. त्यातले एक प्रकरण फक्त रुग्णाच्या निरीक्षणाला दिलेले आहे.

तिच्या हाताशी साधने काय होती ते आधी बघू. नाडी मोजायला घड्याळ होते. तापमापी रुग्णालयांत रोजच्या वापरात आला नव्हता. जर्मनीत लाइपझिगच्या वुंडरलिख यांचा हजारो रुग्णांच्या तापाचा ग्रंथ १८६८ चा, आणि तेव्हाचा तापमापी फूटभर लांब, काखेत पंधरा-वीस मिनिटे धरावा लागणारा. रक्तदाबाचा दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तर परवापरवाचे. म्हणजे आज आपण ज्यांना जीवनचिन्हे म्हणतो, त्यांतली नाडी आणि श्वास एवढीच तिला मोजता येत होती. बाकीचे डोळ्यांनी आणि हातांनी.

हातांनी म्हणजे कसे? अशक्त, खंगलेल्या रुग्णाच्या पायांना आणि पोटऱ्यांना वरचेवर हात लावून बघा, असे ती सांगते. गार लागले तर लगेच ऊब द्या आणि गरम काही पाजा. पहाटेच्या वेळी विशेष जपा; दिवसातली सर्वांत गार वेळ ती, आणि आदल्या दिवशीच्या अन्नाचा जोरही तेव्हा सरलेला असतो. हे वाचताना मला दर पावसाळ्यातला आमचा डेंग्यूचा वॉर्ड आठवतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो. तापमापीचा आकडा नॉर्मल, नातेवाईक खूश, घरी सोडा म्हणून मागे लागलेले. अनेकदा नेमकी तीच वेळ धोक्याची असते. रक्तातला द्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो, हातपाय गार आणि चिकट होतात, नाडी बारीक आणि जलद होते, रुग्ण अस्वस्थ होतो किंवा गप्प पडून राहतो. नख दाबून सोडले की गुलाबी रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. उतरलेल्या तापावर विसंबून न राहता पायाला हात लावणारी सिस्टर अशा वेळी रुग्णाला वाचवते. तुमच्या घरी डेंग्यूचा रुग्ण असेल तर ताप उतरल्यावरचे दोन दिवस हे काम तुम्हीही करा. पाय गार, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, कुठूनही रक्त, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की पहाट, रुग्णालय गाठा.

चेहऱ्याविषयीही तिने सावध केले आहे. माणूस बरा दिसतो की वाईट, हे आपण चेहऱ्यावरून ठरवतो. उन्हाने रापलेला चेहरा, तापाने लाल झालेला चेहरा आणि खरोखर तजेलदार चेहरा यांतला फरक फार थोड्यांना कळतो, असे तिचे म्हणणे. शिवाय शरीर खंगते तेव्हा ते चेहऱ्यावर बहुधा सर्वांत शेवटी दिसते, म्हणून हात बघा. मांस, रंग आणि रक्ताभिसरण हातावरून जास्त खात्रीने समजते. कुपोषित मुलांबाबत आज आपण याच वाटेने जातो. अंगावर सूज असलेले मूल गोबऱ्या गालांचे दिसू शकते. अंगणवाडीताई सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाला टेप लावून दंडघेर मोजते. तो साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित. मेळघाटातल्या पाड्यावर ही पट्टी जे सांगते ते गोबरे गाल सांगत नाहीत.

प्रश्न कसे विचारावेत, यावर तर ती चांगलीच खवळते. रात्र चांगली गेली का, या प्रश्नाला काही अर्थ नाही. कुणाला दहा तास सलग झोप लागली नाही म्हणून रात्र वाईट वाटते, कुणी अधूनमधून डुलकी लागली तरी समाधानी असतो. पाच दिवस आणि पाच रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या आणि त्यातच गेलेल्या रुग्णाबद्दल आणि नुसती झोपमोड झालेल्या दुसऱ्याबद्दल, दोघांविषयी एकच उत्तर मिळाल्याचे तिने नोंदवले आहे. किती तास झोप झाली आणि किती ते किती, असे विचारा, हा तिचा उपाय. जेवणाचेही तसेच. रुग्ण जेवत नाही म्हणजे काय? अन्न नीट शिजलेले नाही, त्याला चालणारे नाही, चुकीच्या वेळी दिले, की खरोखरच भूक नाही? चारही कारणांवर उपाय वेगवेगळे. आमच्या राउंडला आजही कसे वाटते या प्रश्नाला बरे आहे हे उत्तर ठरलेले असते. मोठ्या डॉक्टरांसमोर रुग्ण सावरून बसतो, हसतोही. आम्ही पुढच्या खाटेकडे वळलो की तो पुन्हा कलंडतो, आणि ते बघायला फक्त सिस्टर तिथे असते.

निरीक्षणाची सवय कशी लावावी, यासाठी तिने एका जादूगाराचे उदाहरण दिले आहे. प्रसिद्ध फ्रेंच जादूगार हूदँ आणि त्याचा मुलगा खेळण्यांच्या दुकानावरून झपाट्याने चालत जायचे आणि पुढे जाऊन, काचेआड काय काय दिसले ते कागदावर लिहायचे. नर्सला हे यायलाच हवे, असे तिचे मत. ज्यांना ही सवय लागतच नाही त्यांनी, कितीही प्रेमळ असल्या तरी, हे काम सोडावे. प्रेमळपणाला तिने मुद्दाम दुसरे स्थान दिले आहे. तिचे चित्र देवघरात लावणाऱ्यांना हे जरा झोंबेल.

मोजमापांच्या बाबतीत तिचा एक गुरू होता, बेल्जियमचा अडॉल्फ केटले. माणसांची उंची, वजन, छातीचा घेर यांचे हजारो आकडे जमवून त्याने सरासरी माणसाची कल्पना मांडली. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचेच निरीक्षण. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून आपण जो बीएमआय काढतो, तो यातूनच आला. हे नाव मात्र १९७२ चे. भारतीयांमध्ये हा आकडा २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानावे, असे आपले तज्ज्ञ सांगतात. केटलेने दिलेल्या ग्रंथाच्या समासात फ्लोरेन्सने टिपणे करून ठेवली होती, इतका तिचा त्याच्यावर जीव. आणि तरीही शुश्रूषेच्या पुस्तकात ती बजावते की सरासरीच्या नादाने बारीक निरीक्षण सुटते. या गावात दर शेकडा इतके मरतात हे सरासरी सांगेल. समोरच्या खाटेवरचा माणूस त्यांत आहे का, हे ती सांगणार नाही. ते बघूनच कळते. आयुष्यभर आकड्यांची पूजा केलेल्या व्यक्तीने हे लिहावे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तिच्या सन्मानार्थ जनतेने जमवलेल्या निधीतून. पहिल्या तुकडीत १५ मुली होत्या. त्यांच्या कामांच्या यादीत निरीक्षण हे स्वतंत्र कलम होते आणि त्यात काय काय बघायचे तेही दिले होते : मलमूत्र, बेडका, नाडी, त्वचा, भूक, शुद्ध हरपली आहे की रुग्ण बरळतो आहे, श्वास, झोप, जखमांची स्थिती, अंगावरचे पुरळ, आहाराचा आणि औषधांचा परिणाम. आजच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला पहिल्या सत्रात रुग्णाचे सामान्य स्वरूप, शरीराची मापे आणि जीवनचिन्हे या मथळ्याखाली जे शिकवतात, त्यातले बरेचसे या यादीत आहे.

यातल्या श्वासाबद्दल थोडे बोलायला हवे. प्रौढ माणूस शांत बसला असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. न्यूमोनिया असो, जंतुसंसर्ग रक्तात पसरत असो की हृदय थकत असो, हा वेग बऱ्याचदा रक्तदाब घसरण्याच्या कितीतरी आधी वाढतो. आणि सगळ्या चिन्हांत हेलसांड होते ती याचीच, कारण त्याला यंत्र नाही. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत मोजावे लागते, तेही रुग्णाच्या नकळत, नाहीतर तो श्वास बदलतो. ओळीने वीस रुग्णांच्या चार्टवर श्वास १८ लिहिलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. वीस माणसे एकाच वेगाने श्वास घेत नसतात. मात्र रात्रपाळीला एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोपवला, तर ती ही मिनिटे कुठून आणणार? नाइटिंगेलबाईंनी हा प्रश्न सिस्टरला विचारला नसता, रुग्णालयाच्या प्रशासनाला विचारला असता, आणि उत्तर येईपर्यंत पत्रांचा मारा केला असता.

भारताबाबत तिने हेच केले. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी तिने इथल्या लष्करी छावण्यांकडे प्रश्नावल्या धाडल्या आणि ढिगाने आलेली उत्तरे स्वतः चाळली. १८६३ च्या अहवालातून उघड झाले ते असे की, भारतातले इंग्रज सैनिक वर्षाला दर हजारी ६९ या प्रमाणात मरत होते, आणि बहुतेक आजाराने. पाणी, सांडपाणी, दाटीच्या बराकी यांवर तिने बोट ठेवले. दहा वर्षांनी हे प्रमाण दर हजारी १८ वर आल्याचे तिने लिहिले. सैनिकांपासून सुरू झालेले हे काम हळूहळू इथल्या रयतेपर्यंत, दुष्काळ आणि शेतसाऱ्यापर्यंत पोहोचले. खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिने पत्रव्यवहार केला. भारतात मात्र ती एकदाही आली नाही. जंतूंमुळे रोग होतो हे मानायला तिने बराच काळ घेतला आणि परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला तिचा विरोध होता, हेही सांगितले पाहिजे.

उतारवयात तिची दृष्टी अधू होत गेली. १९०१ च्या सुमारास तिला जवळजवळ काहीच दिसेनासे झाले आणि वाचायला माणूस ठेवावा लागला. पुढे स्मृतीही गेली. १९०७ मध्ये राजाने ऑर्डर ऑफ मेरिट दिली; हा सन्मान मिळालेली ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनच्या घरी ती झोपेतच गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव नातेवाइकांनी तिच्या इच्छेप्रमाणे नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांशेजारी तिला पुरले. दगडावर तिच्या नावाची फक्त आद्याक्षरे, आणि जन्माची व मृत्यूची तारीख आहे.